दिगू, तुझा प्रॉम्प्टर बोलतोय

दिगू, तुझ्या अंत्यसंस्काराची पहिली दहा-बारा मिनिटं मी दुसऱ्याच कुणाला तरी निरोप देत होतो.

चूक माझी, पण थोडी तुझीही. कार्डिफच्या त्या क्रेमेटोरियममध्ये दोन चॅपल आहेत, हे तू इतक्या वर्षांत एकदाही बोलला नाहीस. त्या गावात राहणाऱ्या माणसानं असल्या गोष्टी मित्रांना सांगून ठेवायच्या असतात. नीलाला दाराशी उतरवलं, गाडी लावायला मागं गेलो, आणि परत येताना जे दार आधी उघडं दिसलं त्यात शिरलो. काळे कोट, पांढरी डोकी. एका आजोबांनी सरकून जागा दिली, हातात प्रार्थनेची पुस्तिका दिली. मी मनात म्हटलं, वा रे दिगू, एवढे वेल्श मित्र जोडलेस आणि आम्हाला पत्ता नाही. सगळे उभे राहिले, मीही राहिलो. ही माणसं गायला लागली की छप्पर वीतभर वर जातं, असं तू सांगायचास. खरं आहे. मी तोंड हलवत होतो आणि डोळे पुसत होतो. दुसऱ्या कडव्याला चष्मा स्वच्छ झाला, तेव्हा पुढे ठेवलेला फोटो दिसला. नव्वदीच्या एक आजीबाई, गुलाबी टोपी घालून हसत होत्या.

मी पुस्तिका बाकावर ठेवली आणि निघालो, तर आजोबांनी हात धरला. म्हणाले, “आलात, बरं वाटलं. मेगनला फार आनंद झाला असता.” म्हटलं, “फार छान बाई होत्या.” तिकडे कुठे गुलाबी टोपीतली मेगन भेटली तर माझा नमस्कार सांग. आणि तिला म्हणावं, तुझ्या पुस्तिकेत मी खोचलेली माझी चार पानं राहिली आहेत. तुझ्यावर लिहिलेलं भाषण होतं, दिगू. आठवडाभर खपून लिहिलं होतं.

उजवीकडच्या चॅपलमध्ये पोचलो तेव्हा नीलानं वळून पाहिलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, ती नजर मला पाठ आहे.

भाषणाचं काय झालं ते पुढे सांगतो. आधी मला बोटीची गोष्ट सांगायची आहे. तुला ती माहीत आहे, तू त्यात होतास, इतकंच नव्हे तर तू हिरो होतास. पण परवा, तुला पोचवून परत येताना, त्या गोष्टीला एक नवीन तुकडा जोडला गेला. तो सांगण्याआधी, गेली सहा वर्षं प्रत्येक गणपतीत, बारशात आणि पन्नाशीच्या पार्टीत मी ती जशी सांगत आलो, तशी एकदा शेवटची सांगून घेऊ दे. मध्ये बोलू नकोस. तसाही तू माझ्या गोष्टीत मध्ये कधीच बोलला नाहीस. नुसता मान डोलवायचास. का डोलवायचास, ते आता कळलं.

बोटीची गोष्ट सुरू होते वेम्बलीच्या एका शाळेच्या हॉलमध्ये. दिवाळीचा कार्यक्रम. नाटक मनोहरचं. मनोहर दिवसभर कौन्सिलमध्ये पार्किंगच्या तक्रारी वाचायचा आणि संध्याकाळी नाटकं लिहायचा. दोन्हीत माणसाचं दुःख सारखंच असतं म्हणायचा. त्याच्या बायकोनं, उषानं, सेट रंगवला. हिरो तू. दिवसभर ऑपरेशन थिएटरात लोकांना झोपवणारा माणूस संध्याकाळच्या थिएटरात लोकांना जागं ठेवतो, हे आपल्या मंडळाचं भूषण होतं. आणि प्रॉम्प्टर मी. मला एकदा इन्स्पेक्टरचं काम दिलं होतं, तेव्हा मी पाठ केलेली वाक्यं एका दमात बोलून समोरच्याची वाट न पाहता आत गेलो होतो. तेव्हापासून मला विंगेतच ठेवायचे. वही, टॉर्च, स्टूल.

नाटक होतं दीपगृहाच्या रखवालदाराचं. निवृत्तीच्या दिवशी तो दिव्याशी बोलतो. शेवटची तीन पानं तू एकटा. तुझा आवाज मला अजून ऐकू येतो. “तीस वर्षं हा दिवा पुसला. किती जहाजं गेली. एकानंही थांबून विचारलं नाही, बाबा, तू कोण. एकानंही मागं वळून पाहिलं नाही.”

आणि तू थांबलास.

दिगू, मी देवाशपथ सांगतो, मला झोप लागली नव्हती. वही उघडी होती, टॉर्च चालू होता, बोट बरोबर त्या ओळीवर होतं. पुढचं वाक्य फक्त चार शब्दांचं होतं: आणि ते बरंच झालं. पण मी तुझ्याकडे बघत बसलो. तू त्या पुठ्ठ्याच्या दिव्याकडे अशा नजरेनं पाहत होतास की मला वाटलं, हा आत्ता सगळी तीस वर्षं मोजतोय. इतका सुंदर पॉज मी कुठल्याही रंगभूमीवर पाहिला नव्हता. माझ्या अंगावर काटा आला. अंगावर काटा आलेला माणूस प्रॉम्प्ट कसा करणार?

प्रेक्षकांत एक बाळ रडलं. कुणीतरी म्हणालं, “संपलं वाटतं.” पडद्याची दोरी मनोहरच्या हातात होती. त्यालाही वाटलं, आपण लिहिलं होतं त्यापेक्षा हे बरं संपतंय. त्यानं पडदा पाडला. टाळ्या पडल्या. आणि तुझं ते दीड पान, ज्यासाठी तू दोन महिने दर शनिवारी कार्डिफहून वेम्बलीला गाडी हाणत आला होतास, ते तुझ्या घशातच राहिलं.

पडद्यामागे तू माझ्याकडे आलास. कपाळाला दाढीचा गम चिकटला होता. “विन्या, झोपला होतास?”

मी म्हटलं, “मला वाटलं तू अभिनय करतोयस.”

मला कौतुक करायचं होतं. पण ते ज्या सुरात बाहेर पडलं तो सूर कौतुकाचा नव्हता, हे मला बोलताबोलताच कळलं. तुझा चेहरा उतरला. तू दाढी उपटून माझ्या स्टुलावर ठेवलीस आणि म्हणालास, “परत स्टेजवर पाय ठेवणार नाही.” आणि माझ्याशी बोलणं बंद केलंस.

अबोला. इंग्लंडात तीस वर्षं काढली, इथल्या लोकांची भांडणं पाहिली. पत्र लिहितात, वकील करतात, नाहीतर सरळ भेटणं टाकतात. आपला अबोला त्यांना यायचा नाही. आपण भेटणं सोडत नाही, एका पंगतीला बसतो, एकमेकांच्या बायकांच्या हातचं खातो, फक्त बोलत नाही. मी सॉरी म्हणायला हवं होतं. एकदा फोन उचलला, शैलानं घेतला. म्हटलं, “वहिनी, ती... बटाट्याच्या भाजीची कृती नीलाला हवी आहे.” नीलाला गेली वीस वर्षं ती भाजी येते.

आणि याच सगळ्यात, आपण तिघांनी पन्नाशीची म्हणून आधीच ठरवून ठेवलेली कॅरेबियनची क्रूझ येऊन ठेपली.

तीन जोडपी. गॅटविकहून बार्बाडोसला विमान, तिथून बोट. मनोहरनं फॉर्म भरताना मोठ्या हौसेनं लिहिलं होतं: जेवणाला सहा जणांचं एकच टेबल, दोन आठवडे, रोज तेच. तू आणि मी समोरासमोर. वाढायला सावियो नावाचा गोव्याचा वेटर, आपल्याच वयाचा, मिशीत पांढरं, हातात पांढरे मोजे. म्हापशाचा. पहिल्याच दिवशी आपलं बोलणं ऐकून म्हणाला, “मराठी समजता हां मला. शाळेत होती.” बिचाऱ्याला वाटलं असेल, चला, ओळखीची माणसं मिळाली.

दुसऱ्या दिवशी तू म्हणालास, “सावियो, त्या समोरच्या गृहस्थांना विचार, मीठ मोकळं झालंय का.”

मी म्हटलं, “सावियो, डॉक्टरांना सांग, ब्लडप्रेशरवाल्यांनी मिठावर डोळा ठेवू नये.”

मीठदाणी माझ्या हातापासून तुझ्या हातापर्यंत दीड वीत. सावियोनं ती ट्रेमध्ये घेतली, टेबलाला पूर्ण वळसा घातला आणि तुझ्यासमोर ठेवली. मनोहर म्हणाला, “अरे, आपण पन्नाशी साजरी करायला आलोय की बालवाडीची सहल?” शैला आणि नीला मात्र मजेत होत्या. नवरे बोलत नाहीत म्हटल्यावर त्यांना बोलायला भरपूर जागा मिळाली होती.

औपचारिक जेवणाच्या दिवशी सगळ्यांनी डिनर जॅकेट घालायचं होतं. माझं मिल्टन कीन्सच्या दुकानातून भाड्यानं आणलेलं. बाह्या इतक्या लांब की सूप पिताना मी जादूगारासारखा दिसत होतो. तू शैलाला म्हणालास, “शैला, हातातून ससा निघाला तर मला बोलाव.” मी हसू दाबायला पाव तोंडात कोंबला. तूही दाबत होतास. पण अबोला म्हणजे अबोला.

सेंट लुशियाच्या किनाऱ्यावर आपण दोघं कमरेइतक्या पाण्यात उभे होतो, आठवतं? दोघांनाही पोहता येत नाही, म्हणून दोघं एकाच खोलीवर. एक लाट आली आणि माझा चष्मा गेला. मी आंधळ्यासारखा पाणी चाचपत होतो. तू वाकून तो काढलास, माझ्या हातात दिलास, आणि समुद्राकडे बघत म्हणालास, “काही लोकांनी चष्म्याला दोरी लावावी.” मीही समुद्रालाच म्हटलं, “काही लोकांचे उपकार आहेत.” समुद्रानं दोघांचं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता सॉरी म्हणावं. तेवढ्यात पुढची लाट आली आणि आपण दोघं बाहेर पळालो.

सातव्या दिवशी नोटीस बोर्डावर प्रवाशांच्या कलागुणांच्या कार्यक्रमाची यादी लागली. उद्या, दुपारच्या चहानंतर. मनोहर वाचायला थांबला आणि तिथूनच ओरडला, “अरे, हे बघा.” सहावं नाव तुझं होतं. तुझ्याच अक्षरात, डॉक्टरांचं असूनही वाचता येईल असं. ‘दीपगृह. नाट्यप्रवेश, मराठीतून.’

करमणुकीची व्यवस्था पाहणारी, दिसेल त्याला ‘लव्ह’ म्हणणारी लँकशायरची बाई तुला शोधत टेबलापाशी आली. तिचं आणि तुझं बोलणं मी जन्मात विसरणार नाही.

“हे कशाबद्दल आहे, लव्ह?”

“दीपगृहाबद्दल.”

“विनोदी आहे का?”

“नाही.”

“गाणं आहे?”

“नाही.”

“किती वेळ?”

“बारा मिनिटं. न विसरलं तर.”

तिनं यादीतली नावं पेननं खाली-वर केली. मग म्हणाली, “ठीक आहे. चमचे वाजवणाऱ्या सद्गृहस्थांच्या नंतर टाकते. लोक तोपर्यंत खुशीत असतील.”

ती गेल्यावर तू सावियोला बोलावलंस. “सावियो, समोरच्या गृहस्थांना सांग, वही घरी राहिली आहे. पण कुणाला नाटक पाठ असेल, तर त्यानं उद्या पहिल्या रांगेत डाव्या कोपऱ्यात बसावं. जागं राहावं.”

सावियो माझ्याकडे वळला. “ऐकला काय, साहेब?”

मी म्हटलं, “डॉक्टरांना सांग, पाठ आहे.”

पाठ होतंच. तुला हे मी कधी सांगितलं नाही. अबोल्याचे ते चार महिने मी रोज ऑफिसला जाता-येताना तुझी ती तीन पानं म्हणत होतो. तू माझ्या गावाला, मिल्टन कीन्सला, नावं ठेवायचास, “विन्या, तुझ्या गावात नुसते राउंडअबाउट आहेत, गाव कुठाय?” पण त्या एकेका गोल चौकाला एक वाक्य असं धरलं, तर घर ते ऑफिस तुझा पूर्ण प्रवेश बसतो. मागच्या गाडीतल्या लोकांना वाटत असेल, हा भारतीय माणूस रोज कुणाशी भांडतो.

दुसऱ्या दिवशी मी डाव्या कोपऱ्यात बसलो. नीला शेजारी. समोर दीडएकशे निवृत्त ब्रिटिश जोडपी, उन्हानं लाल झालेली, हातात चहा. चमचेवाल्या रॉदरहॅमच्या गृहस्थांनी धमाल उडवली; गुडघ्यावर, कोपरावर, शेवटी बायकोच्या पाठीवर चमचे वाजवले. टाळ्या थांबेनात. आणि मग तू आलास. भाड्याचा नाही, स्वतःचा जुना कोट. हातात बोटीवरचा एक साधा कंदील. उषानं तो बारवाल्याकडून मागून आणला होता.

तू मराठीत बोलायला लागलास. पहिलं मिनिट लोक सभ्यपणे हसऱ्या तोंडानं बघत होते. दुसऱ्या मिनिटाला कप बशीत ठेवल्याचे आवाज थांबले. दाराशी सावियो येऊन उभा राहिला, मग त्याच्या मागं गोव्याचे आणखी चार-पाच जण, हातात ट्रे. वर्षातले नऊ महिने घरापासून लांब राहणारी माणसं ती. समुद्रावरचा एकटा माणूस त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती.

“तीस वर्षं हा दिवा पुसला. किती जहाजं गेली. एकानंही थांबून विचारलं नाही, बाबा, तू कोण. एकानंही मागं वळून पाहिलं नाही.”

आणि तू थांबलास. तिथंच.

एक. दोन. तीन. तू कंदिलाकडे बघत होतास. तीच नजर. मला पुन्हा वाटलं, अभिनय असेल. मग वाटलं, मागच्या वेळी हेच वाटलं होतं, गाढवा. चार. पाच. नीलानं माझ्या हाताला चिमटा काढला की काय कोण जाणे, मी उभाच राहिलो. प्रॉम्प्टरनं कुजबुजायचं असतं. माझा आवाज असा काही फुटला की मागं भटारखान्यात पोचला असेल. “आणि ते बरंच झालं!”

दीडशे जोडप्यांनी माझ्याकडे पाहिलं. तू पाहिलं नाहीस. तू एक श्वास घेतलास आणि त्याच पट्टीत ती ओळ उचललीस. “आणि ते बरंच झालं. पाहिलं असतं, तर खडकावर गेलं असतं. पुढं जाणाऱ्यानं पुढंच बघावं. माझं काम तेवढंच होतं.” आणि मग ते दीड पान. वेम्बलीत कुणी न ऐकलेलं. शेवटी तू कंदील विझवलास आणि हॉलमध्ये इतकी शांतता होती की इंजिनाचा आवाज ऐकू आला.

मग लोक उठले. बसल्या जागी टाळ्या नाहीत, दिगू, लोक उठले. सावियो आणि त्याच्या दोस्तांनी ट्रे बडवले. हल बंदराचा एक म्हातारा खलाशी काठी टेकत तुझ्याकडे आला आणि म्हणाला, “काय बोललास ते कळलं नाही, मित्रा. पण ते दीपगृह होतं ना? मी असल्या दिव्यांच्या शेजारून चाळीस वर्षं गेलोय. एकदाही विचार केला नाही, तिथं कोण असेल.” तू त्याचा हात दोन्ही हातांत धरलास.

पहिलं बक्षीस चमच्यांना गेलं, ते योग्यच होतं. दुसरं तुला. कॅरेबियनचा नकाशा छापलेला भांडी पुसायचा टॉवेल. तू तो घेऊन सरळ माझ्याकडे आलास, माझ्या गळ्यात घातलास आणि माझा कान धरलास. “वाचवलंस रे, विन्या. परत तिथंच अडकलो बघ.”

चार महिन्यांनी माझ्याशी बोललास. मी रडलो, आणि रडायला हाताशी टॉवेल होताच. मनोहर सगळ्यांना सांगत सुटला, “लेखक मी आहे, लेखक मी आहे.” त्या दिवशी आपण सहा जणांनी नीलाच्या पेटीतला चिवडा डेकवर आणला, सावियोला बसवलं, त्यानंही दोन मुठी खाल्ला. मला वाटलं, ही बोट आपणच जिंकून घेतली आहे आणि आता कॅप्टननं येऊन किल्ल्या द्याव्यात.

तेव्हापासून ही गोष्ट माझी झाली. ‘दिगूला मी कसा वाचवला.’ दर वर्षी माझा आवाज थोडा मोठा होत गेला आणि हॉलही. शेवटच्या वेळी सांगितली तेव्हा प्रेक्षक आठशेवर गेले होते. तू कोपऱ्यात बसून मान डोलवायचास. “हो, विन्या नसता तर बुडालो होतो.” तुझी रेवा तेव्हा कॉलेजात होती, मुद्दाम विचारायची, “विनूकाका, मग तुम्ही बाबाला पाण्यातून काढला?” मी म्हणायचो, साधारण तसंच.

म्हणून सॉरी म्हणायचं राहिलं, दिगू. वाचवणारा माणूस माफी कशी मागणार? वेम्बलीच्या त्या संध्याकाळबद्दल आपण मग भांडायचो, मजेत. तू म्हणायचास, मी विसरलो होतो आणि तू झोपला होतास. मी म्हणायचो, तो तुझ्या आयुष्यातला सर्वांत थोर पॉज होता. शेवटच्या फोनवरही तेच. वॉर्डातून बोलत होतास, आवाज खोल गेला होता. म्हणालास, “विन्या, बरा झालो की परत एक प्रयोग लावू. या वेळी स्टेजवर तू. मी प्रॉम्प्टर.” मी म्हटलं, “तू झोपशील.” तू हसलास. ते हसणं माझ्याकडे आहे.

आता चॅपलचं सांगतो. शैलानं मला खूण केली. मी पुढे गेलो, खिशात हात घातला आणि कळलं की माझी चार पानं मेगनबाईंबरोबर आहेत. समोर तुझ्या हॉस्पिटलचे लोक, मंडळाचे लोक, मनोहर आणि उषा, पहिल्या रांगेत शैला आणि रेवा. काय बोलणार? मला या जगात एकच गोष्ट पाठ आहे. मी म्हटलं, दिगूचा एक प्रवेश म्हणतो. आधी इंग्रजीत दोन वाक्यांत सांगितलं, मग मराठीत सुरू केलं. तुझ्यासारखं नाही जमलं. तरी बरं चाललं होतं. “...एकानंही मागं वळून पाहिलं नाही.”

आणि मी थांबलो.

विसरलो नव्हतो. ती ओळ मी विसरणं शक्य आहे का? पण समोर तू त्या फुलांखाली होतास, आणि ते चार शब्द तोंडातून निघेनात. ‘आणि ते बरंच झालं.’ कसं म्हणू? कसलं बरं झालं? घड्याळाचा काटा मला ऐकू येत होता. मनोहर खाली बघत होता. मग दुसऱ्या रांगेतून आवाज आला, कुजबुजता, नेटका, खऱ्या प्रॉम्प्टरचा. “आणि ते बरंच झालं.”

नीला. मान सरळ, हातात पर्स, जणू काही बोललीच नाही.

मी ओळ उचलली, दिगू. शेवटपर्यंत गेलो. दीड पान, एक शब्दही न गाळता. संपलं तेव्हा अशा ठिकाणी टाळ्या वाजवत नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं, तरी मागं कुणीतरी वाजवली, मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनी. पलीकडच्या चॅपलमधल्या आजोबांना वाटलं असेल, इथं लग्न आहे. शैला हसत होती आणि रडत होती. रेवा, आता एवढी मोठी वकील, गळ्यात पडून म्हणाली, “विनूकाका, बाबाचा पॉज तुम्ही सेम टू सेम केली.” व्याकरण तुझ्या घरातलं. परीक्षण मात्र मला मिळालेलं सर्वांत चांगलं.

परतताना सेव्हर्न ब्रिज ओलांडून हायवेवरच्या चहापाण्याच्या थांब्याला थांबलो. नीलानं थर्मासातला चहा ओतला. मी जरा फुशारलो होतो, खोटं कशाला बोलू. म्हटलं, “बोटीवर मी दिगूला वाचवलं, आज तू मला. फिट्टंफाट.”

नीलानं कप खाली ठेवला. “आता सांगायला हरकत नाही,” ती म्हणाली. “दिगंबरभावजी बोटीवर विसरले नव्हते.”

मी म्हटलं, “म्हणजे?”

“म्हणजे रोज सकाळी केबिनमध्ये दाढी करताना ते सगळं म्हणायचे, एकदाही न अडखळता. शैलानं मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. ते तिला म्हणाले, विन्याला सॉरी म्हणता येत नाही, त्याला फक्त प्रॉम्प्ट करता येतं. तेवढी जागा मी त्याला करून देतो. त्या ओळीवर थांबतो आणि तो बोलेपर्यंत उभा राहतो. नाही बोलला, तर बोट बार्बाडोसला परत लागेपर्यंत उभा राहीन. आणि हे त्याला कधी सांगू नका, फार खूश होईल तो.”

मी चहा प्यायला विसरलो. सहा वर्षं, दिगू. सहा वर्षं मी आठशे लोकांसमोर तुला वाचवत होतो, आणि तू कोपऱ्यात बसून मान डोलवत होतास. मी गाडी सुरू केली. ऑक्सफर्ड गेलं, आमच्या गावचे राउंडअबाउट आले, आणि एकेका राउंडअबाउटला सवयीनं तुझं एकेक वाक्य आलं. घराशी गाडी थांबवली. स्वयंपाकघराच्या खिडकीत तो नकाशाचा टॉवेल वाळत होता. मी म्हटलं, “नीला, म्हणजे वेम्बलीत तो विसरला होता, आणि मला वाटलं अभिनय आहे. बोटीवर तो अभिनय होता, आणि मला वाटलं विसरला.”

तिनं दार उघडलं, थर्मास उचलला आणि उतरता उतरता म्हणाली, “हो. दोन्ही वेळा चुकलात. आणि ते बरंच झालं.”